चार सुया, एक गुंडा आणि आजीचा अंगठा

चारसुया · शनिवार, रात्री ११:१०

भाची जर्मनीहून आली. सगळ्यांना चॉकलेटं आणि मला लोकरीचा एक गुंडा. १०० ग्रॅम. वरच्या कागदी पट्टीवर लिहिलंय: ७५ टक्के लोकर, २५ टक्के नायलॉन, ४२५ मीटर, सुई अडीच मिलिमीटर. रंग म्हणाल तर गेरू, मोरपंखी, हळद आणि मध्येच पिकल्या जांभळासारखा एक. भाची म्हणाली, "मावशी, तू नुसती विणत जा, पट्टे आपोआप पडतात."

आता अडचण सांगते. मी वीस वर्षं विणतेय, पण स्वेटर, टोपडी, मफलर. सुया आठ नाहीतर दहा नंबरच्या, लोकर लुधियानाची, तुळशीबागेतून आणलेली. हा धागा हातात घेतला तर गोधडीला टाके घालायचा दोराच वाटतो. आठवडाभर गुंडा टीव्हीशेजारी ठेवलाय आणि येताजाता बघतेय.

कुणासाठी विणायचं ते मात्र ठरलंय. आजी ८६ वर्षांची, निफाडला असते. डॉक्टरांनी फरशीवर अनवाणी चालायचं नाही म्हणून बजावलंय, त्यामुळे घरातही अंगठ्याची मऊ चप्पल. तिच्यात साधा मोजा जात नाही. मग बाजारात मिळतात ते अंगठ्याचे मोजे घालते, कातडीच्या रंगाचे, नायलॉनचे. चार धुण्यांत अंगठ्याला भोक, आणि इलॅस्टिक असं काचतं की संध्याकाळी घोट्यावर वळ उठलेले असतात.

तर जाणकारांनो, टाके किती घालू? टाच कशी वळवायची? आणि अंगठा वेगळा असलेला मोजा कुणी विणलाय का?

उगाच · शनिवार, रात्री ११:२४

लोकरीचे मोजे! आमच्याकडे फेब्रुवारीत पंखा पाचवर असतो.

चारसुया · शनिवार, रात्री ११:२६

आजी निफाडला असते असं लिहिलंय. जानेवारीत पहाटे पाचला तिथे उभे राहून दाखवा, मग बोलू.

वत्सलाकाकू · रविवार, सकाळी ६:०५

अगं घाबरतेस काय, स्वेटरची बाही विणलीस ना गोल? मोजा म्हणजे बाहीच, फक्त मध्ये एक कोपरा.

सुया पाच घे, दोन्हीकडे टोक असलेल्या. चारांवर टाके वाटायचे आणि पाचवीने विणायचं. पहिल्या तीन-चार फेऱ्या हातात साळिंदर धरल्यासारखं वाटेल, नंतर सवय होते. एका सुईवरून दुसरीवर जाताना पहिले दोन टाके जरा ओढून विण, नाहीतर तिथे शिडी पडते. आजींना काचू नये म्हणून टाके घालताना दोन सुया एकत्र धरून त्यावर घाल आणि मग एक सुई काढून घे. कड सैल राहते. रबर घालू नकोस. दोन सुलट, दोन उलट असं बोटभर लांबीचं विणलंस की आपोआप धरून राहतं.

सुईच्या नंबराचं मात्र जपून. आपल्याकडे नंबर मोठा तितकी सुई बारीक. आठ म्हणजे ४ मिमी, दहा म्हणजे सव्वातीन, बारा म्हणजे पावणेतीन, तेरा म्हणजे सव्वादोन. अडीच त्या दोघींच्या मध्ये हरवते. अमेरिकेत सगळं उलटं, नंबर वाढला की सुई जाड. आमची सून न्यू जर्सीला. बहिणीच्या बाळंतविड्यासाठी टोपडं विणते म्हणाली, मी फोनवर सांगितलं, दहा नंबरची सुई घे. तिकडची दहा म्हणजे ६ मिमी! टोपडं तयार झालं ते जावयाला बसलं. त्यानेही बिचाऱ्याने बर्फ पडला तेव्हा घातलं.

श्टुटगार्टकर · रविवार, दुपारी १:४०

चारसुयाताई, मी इथे रोज पन्नास मिनिटं लोकल गाडीत असतो आणि मोजे विणतो. सुरुवातीला लोक बघतील म्हणून लाज वाटायची. कुणी बघत नाही. एक आजीबाई बघतात, त्या चूक झाली की सांगतात.

कुणाचा तयार नमुना शोधत बसू नका. पाय मोजा. आजींच्या पावलाचा घेर, चवड्याच्या रुंद भागाशी, समजा साडेतेवीस सेंटिमीटर आहे. मोजा त्याहून दहा टक्के लहान हवा, तरच तो पायावर ताणून बसतो. म्हणजे २१. ह्या लोकरीत अडीचच्या सुईवर साधारण १० सेंटिमीटरला ३० टाके आणि ४२ ओळी येतात. एकवीस गुणिले तीन, ६३. चाराने भाग जायला हवा म्हणून ६४. झालं. तुमचा हात सैल असेल तर २.२५ची सुई घ्या, टाके तेच ठेवा. मोज्याची वीण दाट लागते. स्वेटरसारखी मोकळी विणलीत तर महिन्यात टाच जाते.

नायलॉन कशाला असा प्रश्न पडला असेल तर तो त्या टाचेसाठीच आहे. आणि पट्टीवर "सुपरवॉश" लिहिलंय का बघा. तशा लोकरीच्या केसावरचे खवले रसायनाने बसवलेले असतात, म्हणून ती मशीनमध्ये आटत नाही. मी पहिली जोडी साध्या लोकरीची केली होती, ४४ नंबरच्या पायाची. बायकोने चादरींबरोबर धुतली. आता ती शेजारच्यांच्या दीड वर्षाच्या मुलीकडे आहे, आणि तिलाही घट्ट होते.

गंमत म्हणजे इथल्या दुकानातून हौसेने लाकडी सुया आणल्या, निटप्रोच्या. घरी येऊन पाकीट उलटं केलं तर मेड इन इंडिया.

मोजूनमापून · रविवार, दुपारी २:१५

६४ टाके, घोट्यावरची नळी १५ सेमी, पाऊल २४ सेमी. एकूण ३९ सेमी, सेंटिमीटरला ४.२ ओळी. एका मोज्याला साधारण साडेदहा हजार टाके, टाचेची पट्टी वेगळी. जोडीला एकवीस हजारांच्या वर. उगाच सांगितलं.

उगाच · रविवार, दुपारी २:१८

मला का मध्ये ओढताय?

चारसुया · रविवार, रात्री ९:३०

ह्याला म्हणतात प्रतिसाद. सुया मागवल्या. २.२५च्याच घेतल्या, माझा हात सैल आहे. श्टुटगार्टकर, टाच सांगा ना जरा फोड करून. व्हिडिओ पाहिले, पण ती बाई अशी भराभर विणते की मी चहाचा कप हातात घेऊन नुसती बघत राहते.

श्टुटगार्टकर · सोमवार, दुपारी १२:०५

ही अशी. नळी झाली की ६४ पैकी ३२ टाके पावलाच्या वरच्या बाजूचे म्हणून सुयांवर तसेच सोडा. उरलेल्या ३२ वर सरळ पट्टी विणा, ३२ ओळी. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचला. सुलट बाजूने एक उचल, एक विण असं केलंत तर पट्टी जाड होते आणि टाच टिकते.

आता वळण. सुलट १८ विणा, दोन एकत्र, एक सुलट, आणि इथेच उलटून घ्या. डावीकडे टाके तसेच राहिलेत, राहू द्या. पहिला टाका उचला, ५ उलट, दोन एकत्र, एक उलट, परत उलटा. पहिला उचला, ६ सुलट, दोन एकत्र, एक सुलट. दर वेळी मध्ये एक टाका वाढतो. मागच्या वळणाशी एक फट दिसते, दोन एकत्र करायचे ते त्या फटीच्या दोन बाजूंचे. टाके संपतील तेव्हा सुईवर १८ उरलेले असतील आणि हातात वाटी तयार झालेली असेल. ती पहिल्यांदा होताना बघणं हा एक प्रकार आहे. मी गाडीतून उतरायचा विसरलो होतो.

मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून १६-१६ टाके उचलायचे. १८ अधिक ३२ अधिक वरचे ३२, झाले ८२. एक फेरी सोडून एक, दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करत नऊ वेळा गेलात की पुन्हा ६४.

अंगठ्याचं मी केलेलं नाही.

मोजूनमापून · सोमवार, दुपारी ३:५०

अंगठ्याचं गणित मी मांडतो, विणून कुणीतरी बघा.

आधी पाऊल कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने कड काढून घ्या. टाचेपासून अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या खाचेपर्यंतचं अंतर मोजा. मोजा तिथपर्यंत सरळ ६४वरच न्यायचा. मग अंगठ्याच्या बाजूचे वरचे १० आणि खालचे १० टाके ठेवून बाकीचे ४४ एका जुन्या दोऱ्यात ओवून घ्या. खाचेत ४ नवे टाके घाला. २४ झाले, म्हणजे ८ सेमी घेर. अंगठाभर गोल विणून वर आवळून बंद. नंतर ते ४४ परत सुयांवर, खाचेतल्या चार टाक्यांच्या बुडातून ४ उचला, ४८. चार बोटांसाठी एवढे पुरतात. टाके करंगळीकडून जास्त कमी करा, कारण बोटं उतरत जातात.

वत्सलाकाकू · सोमवार, संध्याकाळी ५:२०

बरोबर वाटतंय. खाचेत भोक राहील, ते शेवटी सुईने शिवून टाक. हातमोज्याच्या अंगठ्याला राहतं तसंच.

मंजिष्ठा · सोमवार, रात्री १०:००

अंगठ्याचे मोजे म्हटल्यावर राहवेना. ब्रिटिश म्युझियममध्ये लहान मुलाचा एक मोजा आहे, इजिप्तमधल्या अँटिनूपोलिस गावच्या उकिरड्यात सापडलेला, सुमारे १७०० वर्षांपूर्वीचा. लोकरीचा, रंगीत पट्ट्यांचा, आणि अंगठ्याला वेगळी पिशवी! तेही पट्ट्याच्या चपला घालायचे ना. तेव्हा दोन सुयांचं विणकाम नव्हतं. एका सुईने, हातभर दोरा घेऊन गाठी मारल्यासारखं करायचे, दोरा संपला की नवा जोडायचा. २०१८मध्ये त्याचे रंग वेगवेगळ्या प्रकाशात तपासले. पट्टे अनेक रंगांचे दिसतात, पण रंगद्रव्यं तीनच: मंजिष्ठेच्या जातीच्या मुळाचं लाल, वोड नावाच्या झाडाचं निळं (आपल्या निळीतलंच द्रव्य) आणि एका पिवळ्या रानफुलाच्या झाडाचं. हिरवा, जांभळा वगैरे सगळं एकावर एक बुडवून.

मी घरी लोकर रंगवते म्हणून हे माहीत. नाव त्यावरूनच घेतलंय.

चारसुया, पट्ट्यांबद्दल एक. तुझी लोकर कारखान्यात मोजून रंगवलेली आहे, पट्टे नीट पडतील. दोन्ही मोजे जुळायला हवे असतील तर पहिला जिथे सुरू केलास तो रंग लक्षात ठेव आणि दुसऱ्याला तोच रंग येईपर्यंत दोरा सोडून दे. हाताने रंगवलेल्या लडींचं तसं नसतं. लडीत स्वर्ग दिसतो आणि विणल्यावर एकाच बाजूला सगळा गुलाबी जमा होतो, खरूज झाल्यासारखा. तेव्हा दोन लडी घेऊन फेरीआड बदलत विणायचं.

आणि लड आणलीस तर आधी गुंडाळ. मी पहिल्यांदा घाईत लडीतूनच विणायला बसले. अर्ध्या तासात जो गुंता झाला तो सोडवायला नवरा, सासूबाई आणि मी असे तिघे रविवारी दुपारी जमिनीवर बसलो होतो. जेवणं चार वाजता झाली. आता खुर्चीच्या पाठीवर लड अडकवते आणि शांतपणे गोळा करते.

उगाच · सोमवार, रात्री १०:३०

एक प्रामाणिक शंका. जर्मनीची लोकर कशाला? आपली घोंगडी काय वाईट?

मंजिष्ठा · सोमवार, रात्री १०:५५

घोंगडी काहीच वाईट नाही. मोजा वाईट होईल. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, जाड, त्यात राठ केस मिसळलेले. घोंगडीला तेच लागतं, पाऊस झेलायला आणि जमिनीवर अंथरायला. मी हौसेने एका धनगर मावशींकडून हातचरख्यावरचं सूत आणून बाळमोजा विणला. बाळाच्या आईने तो शोकेसमध्ये ठेवलाय.

उगाच · सोमवार, रात्री ११:०१

प्रतिसाद काढून टाकला आहे.

भटकभवानी · मंगळवार, सकाळी ९:१५

भारतातल्या भारतात रंगीत मोजे बघायचे तर लाहौल. अटल बोगदा २०२०ला सुरू झाल्यापासून मनालीहून एका दिवसात जाऊन येता येतं. केलाँगला एका बाईंच्या दारात तासभर बसले होते. उन्हात पाय पसरून विणत होत्या, समोर नमुन्याचा कागद नाही, तोंडाने गप्पा चालू, आणि पायरीवर पाच-सहा रंगांचे गोळे. मी म्हटलं, चुकत नाही? तर मोजा उलटा करून आतली बाजू दाखवली. आत एकही धागा लोंबत नव्हता. मी माझा स्वेटर शालीखाली झाकून घेतला.

लाहौली मोजे आणि हातमोज्यांना २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सूत त्या लोकांकडे आधीपासून निघायचं, पण सुयांवरचं विणणं आणलं जर्मनीहून आलेल्या मोरावियन पंथाच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. १८५०च्या दशकात केलाँगला त्यांचं ठाणं पडलं, आणि मारिया हायडे या मिशनऱ्याच्या बायकोने तिथल्या बायकांना विणायला शिकवलं. म्हणजे तीही कला जर्मनांकडूनच आली. गुंड्याबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका.

केळशीकर · मंगळवार, दुपारी ४:००

विणकामातलं शून्य कळतं, पण आजींच्या टाचांना भेगा असतील तर रात्री भिरंडेल (कोकमाचं तेल हो, वडीसारखं थिजलेलं मिळतं) जरा कोमट करून चोळा आणि वरून मोजे. आमची आई आयुष्यभर हेच करत आली. मोजे तेलकट होतील, कोमट पाण्यात रिठ्याने धुवा. पिळू नका, पंचात गुंडाळून दाबा.

चारसुया · तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:२०

पहिला मोजा झाला!!! फोटो टाकलाय. टाच दोनदा उसवली. पहिल्यांदा फट कुठली तेच कळेना, १८च्या जागी १६ उरले. दुसऱ्यांदा मुलगा सुईवर बसला. बांबूची सुई होती, मोडली. मुलगा ठीक आहे.

तिसऱ्यांदा ती वाटी झाली. श्टुटगार्टकर म्हणतात तस्संच. मी उठून स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला दाखवून आले, तो म्हणाला छान, कढई आहे का?

आजीच्या पावलाचा कागद मामेभावाने पाठवला. तिचा उजवा गुडघा दुखतो, टेकवत नाही, म्हणून डाव्याचाच छाप काढलाय. मोजूनमापून, तुमचे २४ टाके तंतोतंत बसतात, कागदावर ठेवून पाहिलं. चार बोटांची टोकं शेवटी एकमेकांना जोडायला घेतली तेव्हा घाम फुटला. सुई सुलट घालून टाका सोडा, उलट घालून ठेवा, मग पलीकडे. मध्ये फोन वाजला की संपलं.

वत्सलाकाकू · रविवार, रात्री १०:४०

सुंदर गं! वीण काय एकसारखी आलीय. तो शेवटचा जोडटाका म्हणजे किचनर टाका. जमला म्हणजे जमलंच.

उगाच · रविवार, रात्री १०:४४

किचनर म्हणजे तोच का, कर्झनशी भांडलेला?

श्टुटगार्टकर · रविवार, रात्री ११:१५

तोच. १९०२ ते १९०९ भारतात सरसेनापती होता, १९०५मध्ये कर्झनला राजीनामा द्यावा लागला तो त्याच्याशी झालेल्या वादातून. पुढे पहिल्या महायुद्धात तो ब्रिटनचा युद्धमंत्री. खंदकातल्या सैनिकांसाठी घराघरांत मोजे विणले जात होते, आणि बोटांवर शिवण आली की चालून चालून पाय सोलायचे. शिवण न येणाऱ्या ह्या जोडणीला त्याचं नाव चिकटलं. त्याने स्वतः कधी सुई धरली असेल असं वाटत नाही.

उगाच · रविवार, रात्री ११:२०

धाग्याचं सार्थक झालं.

चारसुया · आणखी दोन आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री १२:०५

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. दुसरा मोजा आज संपवला. रंग अगदी जुळवून सुरू केला होता, पट्ट्याला पट्टा लागतोय. दोन्ही शेजारी ठेवले, फोटो काढायला मोबाइल उचलला, आणि बघतेय तर दोन्ही अंगठे एकाच बाजूला.

दोन्ही डावे.

अर्थात! कागद डाव्या पायाचा. मी इमानदारीत दोन्ही वेळा कागदावर ठेवून विणलं.

मोजूनमापून · शुक्रवार, रात्री १२:१२

चूक माझीही आहे. "उजव्यासाठी कागद उलटा करा" हे लिहायला हवं होतं.

वत्सलाकाकू · शुक्रवार, सकाळी ५:५०

रडू नकोस. खाचेपर्यंत उसव, तेवढंच. दोन तासांचं काम. टाचेला हात लावायची गरज नाही.

मंजिष्ठा · शुक्रवार, सकाळी ८:३०

त्या इजिप्तच्या मोज्याबद्दल एक सांगायचं राहिलं होतं. म्युझियममध्ये जो आहे तो डाव्या पायाचा आहे.

चारसुया · रविवार, रात्री ९:४५

काकू, उसवायला जीव होईना. वजन करून पाहिलं, दोन मोज्यांना ६२ ग्रॅम लागलेत, ३८ शिल्लक. तिसरा विणायला घेतला, उजवा. कागद उलटा करून, वर लाल पेनाने "उजवा" लिहून. पट्टे जुळत नाहीत, हळदीच्या जागी जांभळा आलाय, असू दे.

चारसुया · महिन्याभराने, सोमवार, रात्री ८:००

निफाडला जाऊन आले. आजीने तिन्ही मोजे मांडीवर घेऊन आधी आत हात घालून पाहिले, मग उलटे करून पाहिले. घातले, चप्पल घातली, ओटीपर्यंत चालत जाऊन आली. काचत नाहीत म्हणाली. मी दोन डाव्यांचं सांगून टाकलं आणि म्हटलं, एक परत नेते, उसवून बाळमोजे करीन.

"कशाला? उजवा गुडघा धड नाही माझा, सगळा भार डाव्यावर. डावाच आधी झिजणार. राहू दे."

आणि मोजा उशीखाली ठेवून दिला.

उगाच · सोमवार, रात्री ८:३५

आमच्या ऑफिसातला एसी सोळावर असतो. पावलाचा छाप कुणाकडे पाठवायचा? दोन्ही पायांचा काढलाय.